प्रमाण कान

बटणाचा लाल रंग मधोमध उडून खालचं पांढरं प्लास्टिक दिसायला लागलंय, तिच्या अंगठ्याएवढं, किंचित डावीकडे कललेलं… एकोणीस वर्षं दर सोमवारी सकाळी आठला ती या ध्वनिरोधक खोलीत, कपाटाहून थोड्याच मोठ्या, हेडफोन लावून बसते आणि आवाज आला की हे बटण दाबते. कारण दवाखान्यातलं श्रवणचाचणीचं यंत्र नीट चालतंय का हे बघायला एक माहितीतला कान लागतो, आणि तो कान तिचा. आलेख दर आठवड्याला सारखाच यायचा. नाही आला तर बिघाड यंत्राचा, तिचा नव्हे. तिच्यावर इतका आंधळा विश्वास टाकणारं दुसरं कुणी तिच्या आयुष्यात नव्हतं, नवरा धरून.

"मॅडम, झोपलात काय?" काचेपलीकडून नानांचा आवाज. नाना म्हणजे यंत्र सांभाळणारे तंत्रज्ञ, तिच्याहून सहा वर्षांनी मोठे, निवृत्तीचा विषय निघाला की तेवढ्यापुरते बहिरे होणारे.

"आवाज आला की दाबते ना."

"अहो, तीनदा पाठवला. आठ हजार हर्ट्झचा, सगळ्यांत वरच्या पट्टीतला."

"मग तुमचं यंत्र झोपलंय."

नानांनी तिला बाहेर बसवलं, स्वतः आत बसले. अडीअडचणीला म्हणून त्यांचाही आलेख फायलीत होता. आजचा त्याच्यावर चपखल बसला. यंत्र ठणठणीत होतं.

"म्हणजे…" नाना म्हणाले आणि मध्येच थांबले. मग राहवेना. "तुमच्या त्या भांडणाच्या गाण्यांनी झालं असणार. मी सांगत होतो."

भांडणाची गाणी, म्हणजे रॅप. घरीही हाच शब्द — तुझं ते भांडण जरा हळू कर, असं नवरा सत्तावीस वर्षं म्हणत आलाय, आणि ती हळू करत आलीय, हेडफोनमध्ये शिरून. समोर पेशंट असता तर तिने सांगितलं असतं : वयाच्या मानाने ठीक आहे, बोलणं ऐकायला अडचण नाही, वर्षाने या. पण बोलण्याची कुणाला पडलीय! त्या वरच्या पट्टीत हाय-हॅट राहते, ड्रमवाल्याच्या पायाशी असतात त्या दोन झांजा, आणि रॅपमध्ये सगळा शहाणपणा त्यांच्याकडे असतो. खालचा ढोल दम देतो, माणूस बढाया मारतो, आणि वर या बारीक आवाजात हिशेबी टोमणे मारत असतात… त्याच गेल्या की काय?

पहिला पेशंट साडेनऊला होता. ती फोन आणि स्वतःचे हेडफोन घेऊन परत आत गेली, दार ओढून घेतलं आणि सगळ्यांत जुनं, सगळ्यांत पाठ असलेलं गाणं लावलं. आवाज कमी करत गेली, आलेखाप्रमाणे झांजांचा वरचा किणकिणाट तिला ऐकूच येऊ नये इतका. आणि तो आला. लख्ख.

मग ऐकतंय कोण?

वसतिगृहातली कॅसेट आठवली. खोलीतल्या मैत्रिणीने दिलेली, कॉपीची कॉपी, वर बॉलपेनने 'व्यायामाची गाणी' असं लिहिलेली. निम्मे शब्द कळले नव्हते. एवढं कळलं की हा माणूस दर चार ओळींनी स्वतःचं नाव घेतोय, आणि कुणी त्याला गप्प बसवत नाहीये. तिच्या घरात 'मी' हा शब्द 'मी घासते भांडी' अशाच वाक्यांतून यायचा. शाळेत पहिली आली तेव्हा वडील शेजाऱ्यांना म्हणाले होते, पेपर सोपे होते यंदा. आणि इथे हा, दोन खोल्यांत वाढलेला, बापाचा पत्ता नसलेला, कुणाच्या तरी विसरलेल्या तबकडीवरचे चार सेकंदांचे ड्रम कापून पुन्हापुन्हा वाजवत, त्यावर उभा राहून सांगतोय की माझ्यासारखा मीच… ती थक्क झाली होती. रागावलीही होती. मग कॅसेट फिरवून परत लावली होती.

पण त्या कॅसेटवर झांजा होत्या तरी कुठे? कॉपीच्या कॉपीवर नुसती टेपची खरखर होती, सगळी वरची पट्टी भरून. त्या खरखरीत झांजा असाव्यात असं तिनेच ठरवलं असणार, पहिल्याच दिवशी. पुढे सीडी आली, त्यात खऱ्या सापडल्या, आणि तिने मान डोलावली — बरोबर आहे, अशाच होत्या… कोण कोणाच्या आलेखावर बसत होतं इतकी वर्षं?

म्हणजे पाठ गाणी उपयोगाची नाहीत, त्यांत कानाऐवजी आठवणच ऐकते. न ऐकलेलं हवं. न ऐकलेली तर शेकड्यांनी होती, कारण तिच्या पिढीनंतर रॅप संपलं असं तिचं ठाम मत होतं. नोकरीसाठी दुसरीकडे राहणाऱ्या लेकीने पंधरा दिवसांपूर्वी एक पाठवलं होतं, कुणा मुलीचं, खाली लिहिलं होतं : "आई, एकदा ऐक तरी. हिला तुझ्यासारखाच राग येतो."

तिने लावलं. ढोल आला, खोल, जरा जास्तच संथ. आवाज आला, कोरडा, घाई नसलेला. चौथ्या ओळीला मुलीने स्वतःचं नाव घेतलं. आणि वर काहीच नव्हतं. मोकळी जागा. ती जागा मुलीने मुद्दाम सोडली होती की तिच्या कानाने गिळली होती हे कळायला काही मार्ग नव्हता. लेकीला फोन करून विचारता आलं असतं, तिथे वाजतं का गं काही? तिने फोन हातात घेतला, पण केला नाही. आधी ऐकायचं होतं, त्या जागेत आपण काय ठेवतोय ते. एकदा वाटलं तिथे श्वास आहे. पुढच्या फेरीला वाटलं, कुणीतरी हसायचं थांबवलंय.

दारावर टकटक झाली. नानांनी डोकं आत घातलं. "पेशंट आलेत." मग, मघाचं बोलणं जिव्हारी लागलं असेल म्हणून, मवाळपणे, "येतंय ना नीट ऐकू?"

"माहीत नाही," ती म्हणाली.

या खोलीत हे उत्तर देणाऱ्यांना ती एकोणीस वर्षं समजावत आली होती की घाबरू नका, नीट लक्ष द्या. स्वतः पहिल्यांदाच देत होती, आणि ते बोलताना तिला जी मजा वाटली ती तिने नानांपासून लपवली नाही.

"दोन मिनिटं बसवा त्यांना," ती म्हणाली, आणि गाणं पहिल्यापासून लावलं.