फीत कापेपर्यंत

जाफराबादच्या आमच्या कॉलेजातला परीक्षेचा हॉल म्हणजे पत्र्याचं गोदाम. एप्रिलच्या भर दुपारी त्या पत्र्याखाली बसून बी.ए.चा पेपर लिहायचा, ही शिक्षा नेमकी कोणत्या गुन्ह्याची, हे मला तिथं इतकी वर्षं भूगोल शिकवूनही कळलं नाही. प्राचार्यांच्या केबिनला मात्र एसी. भुजंगराव सर आत जाकीट घालून बसायचे, आणि बाहेर पाऊल टाकलं की, "काय ऊन हाये हो!" म्हणायचे. मला किळस यायची.

१९९९ साली विद्यापीठाच्या अनुदानातून हॉलसाठी चार मोठे कूलर आले, तेही परीक्षा सुरू व्हायच्या आधी. मच्छिंद्र शिपायानं ते खिडक्यांना बसवले, गवत भरलं, पाणी सोडून पाहिलं. मी खूश झाले. मूर्खच मी! दुसऱ्या दिवशी बघते तर प्रत्येक कूलरच्या तोंडावर लाल फीत, आणि अंगावर रंगवलेलं, 'संस्थेचे अध्यक्ष मा. तातेरावजी यांच्या शुभहस्ते'. आयजीच्या जिवावर बायजी उदार. अध्यक्षसाहेबांना वेळ नव्हता. ऐन लग्नसराई, त्यामुळे ते गावोगावच्या मांडवांत आशीर्वाद देत हिंडत होते.

मी केबिनमध्ये गेले. "सर, पेपर सुरू झालेत. कूलर लावा. फीत मागून कापता येईल."

"असं कसं मॅडम? नैवेद्य दाखवायच्या आधी कुणी ताटावर बसतं का?"

"अध्यक्ष काय देव आहेत?"

"आपल्या नोकऱ्या कुणामुळं हायेत मंग? साहेबाला कळलं की आधीच हवा खाल्ली, तं मला काय जवाब द्यायचा?"

त्यांचा माझ्यावर भरवसा नसावा. त्याच दिवशी त्यांनी चारही कूलरच्या वायरींच्या पिना काढून घेतल्या आणि स्वतःच्या कपाटात कुलूपबंद केल्या. एवढी तत्परता पत्र्याखाली छत घालायला दाखवली असती तर!

शेवटचा पेपर माझ्याच विषयाचा होता. दुसऱ्या रांगेत सत्यशीला बसली होती. तिच्या घरात मॅट्रिकच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं. वडिलांनी तिला साफ सांगितलं होतं, यंदा एका दमात पास झालीस तर बी.एड.ला घालतो, नाहीतर लग्न. स्थळ येऊन बसलेलं होतं. पोरगी हुशार, आधीचे सगळे पेपर चांगले गेलेले. त्या दिवशी काळीपिवळी जीपमध्ये चेंगरून, उपाशीपोटी आली होती. कपाळावरचा घाम उत्तरपत्रिकेवर गळत होता आणि ती रुमालानं शाई वाचवत लिहीत होती. तिच्या डोक्याशेजारीच नवाकोरा कूलर, फीत बांधलेला.

तासाभरानं ती म्हणाली, "मॅडम, अक्षरं हालून राह्यली." आणि बाकावरून खाली कोसळली.

मी पळत केबिनकडे गेले. सर जेवायला गेले होते आणि कपाटाची किल्ली त्यांच्या खिशात. मी आणि मच्छिंद्रनं तिला रिक्षात घातलं. सरकारी दवाखान्यात सलाईन लावलं. ती शुद्धीवर आली आणि पहिलं काय विचारलं, तर "किती वेळ राह्यला?" वेळ केव्हाच संपला होता.

तिची आई गिरिजाबाई खाटेपाशी उभी होती. मी म्हटलं, "ऑक्टोबरमध्ये हा पेपर पुन्हा देता येतो."

"ऑक्टोबरपस्तोर कोण थांबतंय मॅडम?" ती म्हणाली. "तिच्या बापानं सोयऱ्याला आजच निरोप धाडला."

परीक्षा संपल्यावर अध्यक्षांना सवड झाली. बैल गेला अन् झोपा केला. रिकाम्या हॉलमध्ये स्टेज घातलं, गावातली मंडळी आणून बाकांवर बसवली. अध्यक्षांना फेटा, शाल, नारळ. फीत कापली, मच्छिंद्रनं पिना जोडल्या, आणि असा गार वारा सुटला की माझ्या डोळ्यांत पाणीच आलं, संतापानं. अध्यक्षांनी अर्धा तास भाषण ठोकलं. "आमच्या लेकीबाळी आता गारव्यात पेपर लिहितील," म्हणाले.

आभार मानायचं काम माझ्याकडे होतं. मी माईक घेतला.

"अध्यक्षसाहेबांचे आभार. प्राचार्यांचे आभार. आणि सत्यशीलाचे विशेष आभार. हे कूलर साहेबांच्या हाताला लागेपर्यंत बंद ठेवायचे होते, म्हणून ती याच हॉलमध्ये कूलरशेजारी बेशुद्ध पडली. तिचा पेपर गेला, बी.एड. गेलं. येत्या रविवारी तिचं लग्न आहे. आपणा सर्वांमुळे हे घडू शकलं. धन्यवाद."

टाळ्या पडल्या. आभारानंतर वाजवायच्या असतात, म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. अध्यक्षांनी तर शाल सावरून, मान डोलावत वाजवल्या.

मी खाली उतरले, तशी भुजंगराव सरांनी मला बाजूला घेतलं. चेहरा गोरामोरा झाला होता. मला वाटलं, आता तरी या माणसाला लाज वाटली.

"मॅडम," ते कुजबुजले, "चहा-फराळाचं सांगायचं राह्यलं की हो!"