मावशींचं 'थांबा'

गावच्या दवाखान्यात फरशी पुसणाऱ्या मावशींनाही प्रशिक्षणाला बसवलं, तेव्हा डॉक्टरांना हसू आवरेना. शिकवायला शहरातून आलेल्या बाईंचा नियम एकच होता: चूक दिसली की कुणीही 'थांबा' म्हणायचं, समोरच्यानं आधी थांबायचं, कारण मागाहून विचारायचं. सरावात मावशींची पाळी आली, पण वीस वर्षं 'हो साहेब'च्या पलीकडे न गेलेली जीभ वळेना; 'थांबा' जेमतेम पुटपुटलं गेलं.

"मावशी, हे तुमच्या बादलीलाही ऐकू गेलं नाही," बाई म्हणाल्या. सगळे हसले, डॉक्टर सर्वांत जास्त.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीन नंबरच्या खाटेवरच्या मास्तरांनी खिडकीसाठी हट्ट धरला. मावशींचा स्वभाव पडला मऊ. त्यांनी मास्तरांना खिडकीजवळ चार नंबरवर नेलं आणि तिथल्या खोकणाऱ्या आजोबांना तीनवर आणून निजवलं. खाटांना अडकवलेले कागद मात्र जिथल्या तिथे राहिले. कागदांना हात लावणं आपलं काम नव्हे, असं त्यांचं पक्कं मत होतं.

डॉक्टर घाईत आले. त्यांना चेहऱ्यापेक्षा खाटेचा नंबर लक्षात राही. तीनचा कागद वाचून त्यांनी मास्तरांचं इन्सुलिन भरलं. आजोबा बिचारे बाही वर करून तयार.

साखरेचा आजार नसलेल्याला ते टोचलं तर काय होतं, हे मावशींनी एकदा डोळ्यांनी पाहिलं होतं. बोलावं तर खाटा कुणी हलवल्या ते उघडं पडणार, नोकरीवर गदा येणार. न बोलावं तर आजोबा जाणार.

"थांबा."

या वेळी बादलीलाच काय, फाटकापर्यंत ऐकू गेलं. सुई जागच्या जागी थांबली.

"का?"

"खाटा मी बदलल्या, साहेब. कागद नाही बदलले. मास्तर तिकडे आहेत."

डॉक्टरांनी सुई ठेवली आणि स्टुलावर बसून घाम पुसला. आपली गच्छंती झालीच, असं मावशी धरूनच चालल्या.

"चूक तुमची झाली," ते म्हणाले, "आणि माझीही. मी नाव विचारलंच नाही. ओरडलात ते बरं केलंत."

मावशींचा जीव भांड्यात पडला, आणि त्या चक्क रडल्या.

दुपारी त्या व्हरांडा पुसत असताना डॉक्टर चिखलाच्या बुटांनी पायऱ्या चढून आले.

"थांबा," मावशी म्हणाल्या.

डॉक्टरांचा पाय हवेतच राहिला. कारण त्यांनी मागाहून विचारलं.