मुयुंडाच्या दारातलं पीठ

चोल्वेने पिठाची पिशवी पुन्हा एकदा मुयुंडाच्या उंबऱ्यापाशी ठेवली, आणि म्हाताऱ्याने ती पुन्हा एकदा दोन्ही हातांनी, अगदी अदबीने तिच्याकडे सरकवली. पायाने ढकलली असती तर बरं झालं असतं. निदान भांडता तरी आलं असतं.

"आमचं जेवण झालंय," मुयुंडा म्हणाला.

त्याच्या मागे चूल थंडगार पडली होती. राखेत कोंबडी निवांत बसली होती, म्हणजे कालपासून तरी तिथे जाळ झाला नसावा. चोल्वेला ते दिसलं, आणि चोल्वेला दिसलं हे म्हाताऱ्याला दिसलं.

चोल्वेच्या गावातल्या बायकांचा एक साधा रिवाज होता. संध्याकाळी न्शिमा शिजवायला मक्याचं पीठ घेतलं की त्यातली एक मूठ वेगळ्या डब्यात टाकायची. शनिवारी चर्चच्या आवारात सगळे डबे एका टपात रिकामे करायचे. ज्यांची मुलं शहरात जाऊन घरची वाट विसरली, अशा म्हाताऱ्यांच्या घरी त्यातलं पीठ जायचं. उरलेलं बाजारात विकून कापड आणायचं, आणि त्याचे शाळेचे गणवेश चोल्वे आपल्या हातमशीनवर शिवायची. तिची शिवण कधी सरळ आली नाही, पण म्हणून कुठलं पोर शाळेतून परत आलं नव्हतं. या कामाला ना फलक होता, ना अध्यक्ष. यंदा पावसाने दगा दिला, मुठी लहान झाल्या, तरी डबा कुणी बंद केला नव्हता. या बायकांचा मला अभिमान वाटतो आणि तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही.

मुयुंडाची बायको नामाकाऊ गेली, तेव्हापासून त्यांची नात लिसेली शाळेत आली नव्हती. तिचे आईबाप कधीच गेलेले, तिला वाढवलं ते या दोघा म्हाताऱ्यांनीच. आता म्हातारा सोमवारच्या बसने तिला लिव्हिंगस्टनला पाठवणार होता, कुणा लांबच्या नातेवाइकाच्या घरी भांडी घासायला आणि बाळ सांभाळायला. तिथे तिला दोन वेळचं मिळेल, एवढाच त्याचा हिशेब. अशा गेलेल्या पोरी पुन्हा वर्गात बसलेल्या चोल्वेने पाहिल्या नव्हत्या. म्हणून ती आज पिठाबरोबर नवा गणवेशही घेऊन आली होती, आणि आज शुक्रवार होता.

ती गुडघ्यांवर बसली, हलकेच टाळ्या वाजवून तिने मान दिला, आवाज जितका मऊ करता येईल तितका केला.

"आजोबा, असं करू नका. हे काही उपकार नाहीत. तुम्ही आम्हाला वडिलांसारखे. पोरीकडे बघून तरी ठेवून घ्या."

"तुझी मेहरबानी, ल्वेंडोची आई. देव तुझं भलं करो," म्हातारा तिला लेकराच्या नावाने हाक मारत म्हणाला. "पण आमचं भागतंय."

"काय भागतंय, आजोबा? चूल तर..."

"आजोबा," मुयुंडा तोंड कडू झाल्यासारखा म्हणाला. "कधीपासून झालो गं मी तुझा आजोबा?"

चोल्वेने पिशवी पुन्हा उंबऱ्याकडे सरकवली.

"तुझा बाप या दारात यायचा तेव्हा काय म्हणायचा? लांबूनच ओरडायचा, ए गुरंचोरा, लपवलेली मासळी बाहेर काढ. माझ्या चुलीवरचं भांडं उचलून खायला बसायचा, आणि खाऊन झाल्यावर म्हणायचा, लोझींना मीठ कळत नाही. तू लग्न होऊन गेलीस आणि परत आलीस, तेव्हा माझी कोंबडी उचलून नेलीस. विचारलं होतंस?"

"नाही."

"मग आता काय झालं? गरीब झालो म्हणून मी लोझी राहिलो नाही? गुडघ्यावर बसतेस. कानात औषध घातल्यासारखी बोलतेस. असं बोलतात ते परक्याशी, नाहीतर भिकाऱ्याशी."

त्या मुलखात लोझी आणि टोंगा या दोन जमाती म्हणजे जन्माचे थट्टेचे सोयरे. टोंगाने लोझीला गुरंचोर म्हणायचं. लोझीने टोंगाला बोळका म्हणायचं, कारण जुन्या काळी टोंगा लोक पुढचे दात पाडून घेत. एकमेकांच्या घरातलं हवं ते उचलायचं आणि राग धरायचा नाही. मुयुंडा तरुणपणी रेल्वेच्या कामावर आला, टोंगांच्या या गावात राहिला, तो याच शिव्यांच्या आधाराने. नामाकाऊ आजारी पडली तशी गावाने त्याला शिव्या देणं हळूहळू बंद केलं. सगळ्यांना वाटलं, आपण माया करतोय.

"आणि तिच्या मयताला?" म्हातारा आता थांबायला तयार नव्हता. "तुम्ही टोंगा बायका ओळीने बसलात आणि रडलात. नुसत्या रडलात. एकीने उठून माझ्या बायकोची नक्कल केली नाही. ती काय अशीच जायची होती? कुत्रं मेलं तरी पोरं त्याच्यासारखी भुंकून दाखवतात. मी वाट बघत होतो, चोल्वे. तुझ्याकडेच बघत होतो. त्या दिवशी मला कळलं, या गावात आता माझं कुणी नाही."

मेलेल्याची नक्कल करून घरच्यांना रडता रडता हसवायचं, हे काम थट्टेच्या सोयऱ्याचंच. नवीन पाद्रीबुवांना ते आवडत नसे, त्यांनी त्या दिवशी नुसतं डोळ्यांनी दटावलं होतं, आणि आख्ख्या गावाला तोंडावर सुनावणारी चोल्वे शेळीसारखी गप्प बसली होती. आणि नामाकाऊ तर तिची लाडकी होती.

ती उठली. गुडघ्यांची माती झटकली. कमरेला गुंडाळलेलं चितेंगेचं कापड खाली ओढून बांधलं, नामाकाऊ बांधायची तसं. एक खांदा उतरवला, हात कमरेवर ठेवला, आणि नाकातून, चिरका आवाज काढून ओरडली,

"मुयुंडा. ए मुयुंडा. मी मेले ती तुझ्या कटकटीने मेले, आता पोरीलाही घालवतोस का?"

म्हाताऱ्याचं तोंड उघडंच राहिलं.

"बघतोस काय असा, गाळातल्या माशासारखा? चूल बघ. कोंबडीने तिथे संसार थाटला. मी असताना हिंमत होती का तिची? दारात पीठ आलंय आणि हा म्हणतो, आमचं भागतंय. तुझा ताठा काय मीठ घालून शिजवायचा? का पोरीच्या ताटात कच्चाच वाढणार आहेस?"

ती लंगडत दोन पावलं गेली, वळली, आणि नसलेल्या तपकिरीची चिमूट नाकात भरून जोरात शिंकली. नामाकाऊची शिंक गावाच्या विहिरीपर्यंत ऐकू जायची.

म्हाताऱ्याच्या छातीतून काहीतरी खरखर आवाज आला. चोल्वे क्षणभर घाबरली, मग तिच्या लक्षात आलं की तो हसतोय. खांदे हलवत, मांडीवर हात आपटत तो हसत राहिला आणि हसता हसता त्याचे डोळे वाहायला लागले. ते त्याने पुसले नाहीत.

घरामागून पळत पावलं आली. लिसेली भिंतीला धरून उभी राहिली, ओल्या हातांनी, धापा टाकत. तिने आधी आजोबाकडे पाहिलं, मग चोल्वेकडे, मग घरभर. ती कुणाला शोधतेय ते दोघांनाही कळलं. चोल्वेचा हात कमरेवरून गळून पडला. आपण पोरीचं काळीज फाडलं, असं तिला वाटलं.

लिसेलीने ओले हात अंगावरच्या कपड्याला पुसले. मग हळूच म्हणाली,

"आजी तो हात नाही धरायची. दुसरा."

चोल्वेने दुसरा हात कमरेवर ठेवला.

"आणि ओरडण्याआधी खाकरायची."

चोल्वे खाकरली. तिचा स्वतःचा आवाज फुटला होता, तरी तिने तो नाकात चढवला.

"मुयुंडा, पोरगी सोमवारी कुठे जाणार?"

म्हातारा तिच्या तोंडाकडे बघत राहिला. त्या उतरलेल्या खांद्याशी, त्या कमरेवरच्या हाताशी तो बोलला.

"शाळेत जाईल. नाही पाठवत तिला. ओरडू नकोस गं आता."

लिसेलीने पिठाची पिशवी उचलली आणि चुलीतल्या कोंबडीला हुसकावलं. चोल्वेने गणवेश तिच्या खांद्यावर टाकला. बाही वाकडी आली होती, पण अंगाला येईल असं दिसत होतं.

"शिवण बघ कशी, बोळक्यांनी कधी सुई पाहिली होती का?" मुयुंडा म्हणाला. त्याने नाक शिंकरलं. "पीठ दिलंस, आता चालती हो. फुकटची जेवायला थांबू नकोस."

"तुझ्या घरचं कोण जेवतंय, गुरंचोरा," चोल्वे म्हणाली आणि निघाली.

ती अंगणाच्या कडेला पोचली तेव्हा म्हाताऱ्याने मागून हाक मारली.

"चोल्वे. उद्या परत ये."

"आता काय? पीठ कमी पडलं?"

"पीठ नको," तो म्हणाला. "झोपताना पांघरुणावरून ती माझ्याशी भांडायची. ते आज राहिलं."