पावसाच्या बाजूची भिंत

स्मिताने पटाशीचं टोक लाकडी पट्टीखाली सरकवलं आणि मनगट जरासं वळवलं. पट्टी सुटून हातात आली. शेजारची हललीही नाही. मागची बाजू काळी पडली होती. बोटाने दाबताच भुसा झाला.

"बघा. पुढून रंग, मागून चिखल."

खाली शिडी धरून उभ्या असलेल्या हेमचंद्रांनी बघायचं टाळलं. परदेशात, बेडोकमधल्या त्यांच्या घराची ही पावसाच्या बाजूची भिंत कौलांसारख्या एकावर एक चढवलेल्या पट्ट्यांची होती. पुण्याच्या घरचा रिवाज म्हणून दर दिवाळीला ते तिला ऑइलपेंट देत आले. थरावर थर बसले, आत शिरलेल्या ओलीला बाहेर पडायला वाट उरली नाही. कंत्राटदार म्हणाला, भिंत पाडा, सिमेंटचे बोर्ड लावा.

स्मिताने त्याला चहा पाजून परत पाठवलं. तेव्हापासून बँकेतून निवृत्त झालेली त्यांची ही बायको रोज सकाळी शिडीवर होती. टकटक करून आवाजावरून ती कुजकी पट्टी ओळखायची. नवी बसवताना लाकडाला फुगायला बाजूंना फट ठेवायची, वरचा सांधा खालच्या सांध्यावर कधी येऊ द्यायची नाही. तिचे हात बघताना हेमचंद्र खिळे द्यायचे विसरत.

शेवटची पट्टी बसली. जुना रंग खरवडून राखाडी झालेल्या भिंतीवर नव्या लाकडाचे तांबूस तुकडे दिसत होते.

"उद्या पुण्याहून मनोहरदादा येतोय," हेमचंद्र म्हणाले. "दिवाळीत भिंत अशी? सुतक आहे का म्हणून विचारेल. मी रंगाचा डबा आणलाय. एकच हात देतो."

"द्या. पण परत कुजली तर मी चढणार नाही. मग बोर्डच लावा."

ती लिटिल इंडियात खरेदीला निघून गेली.

परत आली तेव्हा हेमचंद्र मागच्या नळावर हात घासत होते. कोपरापर्यंत क्रीम रंग. पिशव्या तिथेच टेकवून ती सरळ भिंतीकडे गेली.

भिंत तशीच होती. फक्त खांद्याच्या उंचीवर एक कोरी पट्टी, तिने न बसवलेली. दोन्ही बाजूंना फट होती. खाली गवतात क्रीम रंगाने माखलेली जुनी पट्टी पडली होती.

"ही काढलीत कशी?"

"तू काढतेस तशी. मनगटाने. एक रंगवली, मग तुझं बोलणं आठवलं. तुझं बघताना सोपं वाटतं. अजून जेवलो नाहीये."

स्मिताने शेजारच्या पट्टीवर बोट टेकवलं. तिचा कोपरा उडाला होता.

"ही पण गेली."

हेमचंद्र जवळ आले, वाकले, आणि या वेळी नीट बघितलं.

"जेवू आधी. मग दाखव, कुठे चुकलं."