शेजारची ओळ

गरम हवेची नळी तिनं घड्याळाच्या आतल्या सर्किटच्या पाटीवर धरली, डाख चकाकून पातळ झाला तशी श्वास रोखून चिमट्यानं चिप उचलली. नखाएवढी, काळी, पाठीवरची अक्षरं पुसट झालेली. टेबलावरच्या मऊ कापडावर तिनं ती अशी ठेवली, जशी झोपलेल्या बाळाची मान उशीवर ठेवावी.

"आली का बाहेर?" पलीकडच्या टेबलावरून भट्टीनं विचारलं.

भट्टी हे माणसाचंच नाव होतं. नव्याकोऱ्या चिपा ओव्हनमध्ये भाजून त्यांना थोडक्या दिवसांत वर्षांचं म्हातारपण आणायचं, हे त्याचं काम. म्हणून सारी प्रयोगशाळा त्याला भट्टी म्हणे, आणि हल्ली त्याच्या बायकोनंही तेच उचललं होतं.

"जपून हं. आईसाहेबांचा माल आहे. बिघडला तर घरी जेवायला मिळणार नाही, आणि आमच्याकडचं जेवण तुला ठाऊक आहे."

ती हसली नाही. चिपेची एकेक तंगडी तिनं भिंगाखाली पुसली, वाचणाऱ्या यंत्राच्या खोबणीत चिप बसवली आणि झाकण लावलं.

घड्याळ आईचं होतं. प्लॅस्टिकचं, समोर चार रंगीत बटणं. बटण दाबून बोललं की क्षणभराचा आवाज आत राहायचा आणि गजराला घंटेऐवजी तोच वाजायचा. आई तेव्हा दवाखान्याच्या धुलाईघरात पहाटपाळीला जायची, आणि दिवसभर कपडे उपसून दमलेल्या तिला घंटेनं जाग येत नसे. घरात तिघंच. लाल बटणात दादानं आवाज भरला, पिवळ्यात तिनं. हिरवं आणि निळं कोरंच राहिलं, कारण त्याच वर्षी साध्या तापाचं निमित्त झालं आणि दादा गेला.

मग घड्याळ आईच्या खोलीत गेलं. संध्याकाळी दार लोटलेलं असे आणि आतून गुणगुण येई. शब्द कळत नसत. नुसता एक सूर, थांबायचा, पुन्हा यायचा, पुन्हा थांबायचा. ती बाहेर वही पुढ्यात घेऊन बसलेली असे. लाल बटण, ती मनाशी म्हणायची. आईची आणि दादाची भेट चाललीय, तिथं आपलं काय काम. ती त्या दाराजवळ कधी गेली नाही. आई हाक मारायची तेव्हाही ओठांवर आधी दादाचं नाव यायचं, मग जीभ अडखळायची, मग तिचं. दुसरी हाक आपली, हे तिनं इतकं अंगवळणी पाडलं होतं की पहिल्या हाकेला मान वर करायची सवयच राहिली नाही. शिकायला म्हणून घराबाहेर पडली ती पडलीच. रविवारी फोन. जेवलीस का, हो, बरं, ठेवते.

आता आईचा डावा कान गेला होता आणि उजवाही त्याच वाटेनं निघाला होता. धुलाईघरातल्या घरघरीनं खाल्लेत, कानाचे डॉक्टर म्हणाले. पुढचा उन्हाळा येईतो उजव्याचंही काही खरं नाही. त्या तपासणीसाठीच आई तिच्याकडे येऊन राहिली होती. दवाखान्यातून परत आल्यावर आईनं पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेलं घड्याळ काढलं आणि तिच्यापुढे सरकवलं.

"यातला दादा वाजत नाही गं. लाल दाबलं की नुसती खरखर येते. तुझं कामच आहे ना हे? कान आहेत तोवर एकदा ऐकव."

उभ्या जन्मात आईनं तिच्याकडे काही मागितलं नव्हतं. पहिल्यांदा मागितलं तेही दादाला.

यंत्राचा दिवा हिरवा झाला. चिप फार लहान होती. साऱ्या ओळी एकाच गल्लीत, दाराला दार लागून, एकेका बटणाला एकेक ओळ. नव्या पोरांना ती शिकवायची तेव्हा घागरींचा दाखला द्यायची. एकेका ओळीत हजारो घागरी मांडल्यात असं समजा. काहींत विजेचा भार भरलेला, काही रिकाम्या. आत डोकावता येत नाही. बाहेरून एक व्होल्टेज लावायचं, म्हणजे एक रेघ धरायची. पातळी रेघेच्या वर असेल ती घागर भरलेली, खाली असेल ती रिकामी. भरलेली, रिकामी, रिकामी, भरलेली, एवढ्यातून माणसाचा आवाज उभा राहतो. वर्षं जातात तशा भरलेल्या घागरी पाझरतात, मग रेघही खाली आणावी लागते. किती खाली, हे ओळखण्याचाच तिला पगार मिळत होता.

"म्हाताऱ्यांशी बोलताना आम्ही आवाज चढवतो," भट्टी म्हणायचा, "ही बाई व्होल्टेज उतरवते."

तिनं लाल ओळ वाचली. चुकांचा आकडा पडद्यावर भळाभळा आला. रेघ एक पायरी खाली घेतली. चुका वाढल्या. आणखी खाली घेतली. आणखी वाढल्या. हाताच्या सवयीनं ती तिसऱ्यांदा खाली निघाली होती, आणि तिथं तिचं बोट थांबलं. प्रत्येक वाचनानं ही चिप थोडी थोडी खर्च होत होती. आंधळेपणानं खर्चायला ती दुसऱ्या कुणाची नव्हती.

म्हणून तिनं दादाला सोडून आधी हिरवी ओळ वाचली. कोरी. जिथं कुणी कधी तोंड उघडलं नव्हतं, तिथं साऱ्या घागरी तळाशी कोरड्या असायला हव्यात. नव्हत्या. कुठं ओल, कुठं चार थेंब, काहींत तर अर्ध्यापर्यंत. निळीतही तेच. तिनं हिरवी ओळ जशी होती तशी आवाज म्हणून लावून बघितली. स्पीकरमधून फुसफुस निघाली, मधेच तुटणारी, मधेच चढणारी, भिंतीपलीकडे माणसांनी दबक्या आवाजात काही ठरवत बसावं तशी.

भट्टीनं मान वर केली. "कोण बोलतंय हे?"

"कुणी नाही. यात कुणी कधी बोललंच नाही."

"मग बंद कर बाई. अंगावर काटा आला." तो उठून तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला, पडद्याकडे बघत राहिला. मग त्याचा थट्टेचा सूर उतरला. भाजून आणलेलं म्हातारपण आपण रोज बघतो, तो म्हणाला, पण हे तसलं दिसत नाही. म्हातारपणी भरलेलं ओसरतं, रिकामं भरत नाही.

"वाचलंय," ती म्हणाली. "कुणीतरी यातली एक ओळ सारखी वाचलीय. हजारो वेळा."

बटण दाबून एका ओळीला बोलतं करायचं तर शेजारच्या साऱ्या ओळींना दाबून धरावं लागतं. त्यांच्यावर जास्तीचं व्होल्टेज पडतं, आणि दर खेपेला एखादा कण, अगदी नावाला, त्यांच्या रिकाम्या घागरींत शिरतो. एकदा काही होत नाही, शंभरदा काही होत नाही. पण एकच ओळ कुणी वर्षानुवर्षं ऐकत राहिलं, तर तिचा शेजार हळूहळू बुजत जातो. जिला ऐकलं, तिच्यावर तो भार कधीच पडत नाही. साऱ्या गल्लीत ती एकटी स्वच्छ उरते.

लाल ओळ स्वच्छ नव्हती.

भट्टीला ओव्हन उघडायची वेळ झाली होती, तो गेला. मग तिनं पिवळी ओळ वाचली, फक्त एकदा. पडद्यावर आलेखाच्या दोन टेकड्या उभ्या राहिल्या, भरलेल्यांची एक आणि रिकाम्यांची एक. मधे खोल, मोकळी दरी. जणू कुणी कालच भरून ठेवली होती.

बाहेर वाऱ्यानं कुठलंसं झाकण आपटत होतं. लोटलेलं दार तिला आठवलं. आतली गुणगुण आठवली, थांबणारी, पुन्हा येणारी. वहीच्या कडेला तिनं तेव्हा गिरवलेली लाल फुलं आठवली.

तरी दादाला सोडून चालणार नव्हतं. तिनं लाल ओळीची रेघ आता उलट वर नेली, केसाकेसानं. चुका घटल्या, घटल्या, आणि एका जागी येऊन अडल्या. तिथं दोन्ही टेकड्या एकमेकींत शिरल्या होत्या. दरी उरलीच नव्हती. त्या गर्दीतून तिनं आवाज काढून बघितला. एक 'आ' आला. दादाचा असेल, नुसत्या खरखरीचा असेल. रेघ जराशी सरकवली, तर त्याचा 'ओ' झाला. आणखी सरकवली, तर कुणीतरी तिचं नाव घेतल्यासारखं वाटलं, पहिल्याच हाकेला. तिनं झटक्यात हात मागे घेतला. हवं ते ऐकू येईल अशी रेघ ओढता येते, हे ती पोरांना पहिल्याच दिवशी बजावायची.

लाल ओळ तिनं बाजूला ठेवली आणि कानांवर हेडफोन चढवून पिवळी लावली.

"झालं का चालू? आई, ऊठ ना. मी उठलेय. आई..."

दात पडलेल्या तोंडाचा, घाई झालेला आवाज. आपण इतक्या लाडात बोलत होतो, हे ती पार विसरली होती. हात बंद करायच्या बटणाकडे गेला, आणि त्या शेवटच्या 'आई'च्या मागून, लांबून, कुणीतरी हातानं तोंड दाबून हसलं. खुदकन. मग तुटलं.

आवाज भरताना घड्याळ दादानं धरलं होतं. तिला आठवलं ते त्याचं कोपर, तिच्या खांद्यावर टेकलेलं.

तिनं हेडफोन काढले, पुसले, पुन्हा चढवले, पुन्हा ऐकलं. मघापासून छातीत जे ऊबदार होऊन बसलं होतं ते जागचं हललं. आई पिवळं बटण दाबत होती, यात शंका नव्हती. पण ऐकत कुणाला होती? तिला, की तिच्या मागे हसणाऱ्याला?

घरी पोचली तेव्हा आई स्वयंपाकघरात ओट्याशी पाठमोरी उभी होती. नळ वाहत होता, त्यामुळे तिला चाहूल लागली नाही. लेक वळसा घालून तिच्या उजव्या अंगाला गेली, नळ बंद केला आणि खुर्ची ओढून दिली. दादाची ओळ निघाली नाही, हे तिनं सरळच सांगितलं. सगळं करून बघितलं, म्हणाली.

आईनं हात पुसले. पुसून झाले तरी पुसत राहिली.

"मी ते कधी दाबलंच नाही बघ. इतक्या वर्षांत एकदाही नाही. वाटायचं, वापरलं की झिजेल. न ऐकलेलं शाबूत राहील. परवा पहिल्यांदा दाबलं." मग खालच्या आवाजात तिनं विचारलं, "माझ्याच हातून काही झालं असेल का गं?"

खरं उत्तर तिच्या जिभेवर होतं. दाबलेलं झिजत नाही, शेजारचं झिजतं. आणि शेजारी दादा होता. रोज एकेक कण करून तूच त्याला बुजवलंस, आणि तेही माझ्यासाठी. अहवालात एवढीशी खोट कधी राहू न देणारी ती आईच्या पदराकडे बघत म्हणाली,

"नाही. जुनं झालं, आई. जुनं झालं की पाझरतं."

आईनं मान हलवली, सुटल्यासारखी.

"पण माझ्या आवाजात तो आहे," ती म्हणाली. "पिवळ्यात. अगदी शेवटी हसलाय."

"तुझ्यात?" आईनं चमकून बघितलं. "कुठं?"

पिवळ्यातलं बोलणं तिनं फोनवर उतरवून आणलं होतं. तिनं ते लावून फोन आईच्या उजव्या कानाशी धरला. आई मान तिरपी करून ऐकू लागली. झालं का चालू, म्हणेतो आईचे ओठ हलायला लागले होते. प्रत्येक शब्द फोनमधून यायच्या आधी आईच्या ओठांवर येत होता, थांबे सुद्धा, श्वास सुद्धा. मग शेवटची 'आई' झाली, आणि मागून हसू आलं. फोन धरून उभ्या असलेल्या लेकीलाही ते स्पष्ट ऐकू आलं.

आईचे ओठ त्याआधीच मिटले होते.

"आला?"

"लाव परत."

तिनं परत लावलं. 'आई' म्हणून संपलं की लगेच, तिनं सांगितलं, नीट लक्ष दे. या खेपेला आईनं डोळे मिटून फोन दोन्ही हातांनी कानावर दाबून धरला. हसू आलं आणि गेलं. मग पुन्हा एकदा लावलं. आईच्या कपाळावर आठी पडली, शाळेत उत्तर न येणाऱ्या मुलीसारखी.

"इतक्यांदा ऐकलंय, पण हे कधी..." आई बोलता बोलता थांबली. फोन तिनं टेबलावर ठेवला आणि ओशाळून लेकीकडे बघितलं.

"नाही गं. मला आपली तूच ऐकू येतेस."