कडेवरचे नाव

मित्रांनो, क्षणभर कल्पना करा की तुम्ही चांदीचे आहात, बिस्किटाएवढे गोल, आणि तुमच्या पातळ कडेवर एका माणसाचे नाव कोरलेले आहे. ते नाव सांभाळणे एवढेच तुमचे काम. मी असेच एक जुने लष्करी पदक आहे. माझे काम माझ्या हातून नीट झाले नाही, हे आधीच सांगून टाकतो.

बाळोजी साळुंखे सतराव्या वर्षी मुंबईच्या फौजेत शिपाई झाला. १८८६ साली त्याची पलटण बोटीने ब्रह्मदेशात गेली. लढाई थोडी, चालणे फार. चिखल, जळवा, हिवताप. बंडखोरांना आसरा देणारे गाव सापडले की साहेबाचा हुकूम सुटे आणि गाव पेटे. बाळोजीने तीन गावे पेटवली. त्या मोहिमेबद्दल मी त्याला मिळालो.

त्याने मला छातीवर कधीच लावले नाही. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, हत्यारांच्या पूजेत तो मला मांडायचा आणि नातवाकडून कडेवरचे नाव मोठ्याने वाचून घ्यायचा. "शाबासकी म्हणून वाचू नकोस," तो नातवाला सांगायचा, "त्या लोकांची घरं कोणी जाळली, ते लपून राहू नये म्हणून वाच."

पण पूजा म्हटली की आधी घासणे आलेच. कधी चिंच, कधी राख, पुढे पावडर. दरवर्षी अक्षरे थोडी उथळ होत गेली. पाहुणे म्हणत, "काय चकाकतंय हो," आणि मी फुगायचो. नाव झिजते आहे हे मला कळत होते. मला बोलता येत नाही ही झाली सबब. खरे म्हणजे मला चकाकायला आवडत होते.

पुढे तेच नातू, निशिकांत, स्वतः आजोबा झाले आणि सिंगापूरला सेंगकांग भागात मुलाकडे राहायला आले. मी त्यांच्या औषधांच्या पिशवीतून आलो. २००७ च्या खंडेनवमीला त्यांच्या नऊ वर्षांच्या नातीने, इराने, मला घासण्याचे काम आपणहून घेतले. पाटावर आईचा लॅपटॉप आणि बाबांचा स्क्रूड्रायव्हर आधीच मांडला होता. इराने अर्धा तास जीव लावून घासले. मग माझी कड उजेडात धरली आणि ती बाबांकडे धावली.

"बाबा, नाव कुठे गेलं?"

तिच्या बाबांनी, प्रबोधने, मला खिडकीपाशी नेले. "घासणी कुठली घेतलीस?"

"कढईची, तारेची. आय वॉन्टेड इट नाइस, ला," ती सिंगापुरी ढंगात म्हणाली.

"नाइस झालंय. पार टक्कल पडलंय त्याला." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "हे बघ, आजोबांना सांगू नकोस. मोतीबिंदूमुळे त्यांना तसंही दिसत नाही. नाव त्यांना पाठ आहे."

"मग ते वाचतात, ते चीटिंग?"

"चीटिंग कसलं? सणाचा दिवस आहे. गप्प राहा जरा."

मित्रांनो, जुनी वस्तू पुसायची ती मऊ, कोरड्या फडक्याने, हलक्या हाताने. डाग राहिला तर राहू द्या. हे इराला कोणी सांगितले नव्हते. तिचा अपराध लहान होता. माझा शंभर वर्षांचा होता.

आजोबा पूजेला बसले. त्यांनी मला डोळ्यांजवळ नेले आणि सुरुवात केली, "शिपाई बाळोजी..."

"थांबा, आजोबा."

प्रबोधने डोळे वटारले. इराने त्याच्याकडे पाहिलेच नाही. तिने आजोबांचे बोट धरून माझ्या कडेवरून फिरवले. "इथे काही नाहीये. मी तारेच्या घासणीने घासलं. सगळं गेलं."

आजोबांनी पुन्हा एकदा, सावकाश, नखाने पूर्ण फेरी मारली.

"दरवर्षी आम्हीही घासलंच की," ते शेवटी म्हणाले. "तुझ्या वाट्याला उरलं होतं तेवढं गेलं. आता नाव कशावरून वाचायचं?"

इरा उठली. शाळेच्या वहीचे एक पान फाडून घेऊन आली. आजोबांनी सांगितले तसे बाळोजीचे नाव आणि पलटण तिने वाकड्यातिकड्या मराठीत लिहिली. खाली, कोणी न सांगता, आणखी एक ओळ लिहिली: "पदकावरचे नाव इरा प्रबोध साळुंखेने घालवले."

मग ती उभी राहिली आणि दोन्ही ओळी मोठ्याने वाचू लागली.