पाचव्या पटावरची जिच

मी एक जुना बुद्धिबळाचा पट आहे. मिटला की पेटी, उघडला की चौसष्ट घरे, अशी माझी घडण. बत्तीस सोंगट्या माझ्या पोटातच राहतात. मित्रांनो, माझ्या अंगावरचे पॉलिश पाहून तुम्ही म्हणाल, हा कसला जुना, हा तर नवाकोरा दिसतो! तेच तर माझे दुःख आहे.

महाराष्ट्र राज्य झाले त्या वर्षी पिंपळगाव राजा या गावच्या शालिग्राम सुतारांनी मला घडवले. माझी काळी घरे शिसवीची, उजळ घरे सागाची. सोंगट्यांत घोडे कोरायला त्यांना सर्वांत जास्त दिवस लागले. बाजारच्या दिवशी ते टांग्याच्या घोड्यापाशी जाऊन उभे राहत आणि नुसते त्याचे कान न्याहाळत. काम संपले तेव्हा त्यांनी मला धोतराच्या जुन्या पानात गुंडाळले आणि एस.टी.ने स्वतः बुलढाण्याला आणून वाचनालयात पोचते केले.

पहिल्याच दिवशी माझ्याभोवती मुलांची झुंबड उडाली. ओढाताणीत एक घोडा फरशीवर पडला आणि त्याचा कान तुटला. वाचनालयाचे चिटणीस रंगराव यांचा चेहरा पार उतरला. माणूस वाईट नव्हता. त्यांनी स्वतः सरस लावून तो कान जोडला, दोन दिवस त्याला दोऱ्याने बांधून ठेवले. मग मला मिटले, पितळी कडी लावली, काचेच्या कपाटात ठेवले आणि किल्ली कोटाच्या खिशात टाकली.

"पोट्ट्यायच्या हाती देलं तर वर्षभर टिकनार नाई हे," ते म्हणाले.

तेव्हापासून माझे आयुष्य त्या कपाटात गेले. डांबराच्या गोळ्यांचा वास, पोटात एकमेकांवर पडलेल्या सोंगट्या, आणि काळोख. बाहेर वर्तमानपत्रांची पाने उलटल्याचा आवाज येई. रंगराव आठवड्यातून एकदा मऊ फडक्याने मला पुसत, पाहुण्यांना काचेतून दाखवत. पाहुणे "वा!" म्हणत. त्या "वा!"चे मी काय करणार होतो?

वर्षातून एक दिवस मात्र मी बाहेर पडत असे. त्या दिवशी आमच्या जिल्ह्याचा संघ याच वाचनालयात शेजारच्या जिल्ह्याशी खेळे. पाच पट, पाच खेळाडू. नियम असा की पाचव्या पटावर अठरा वर्षांखालचाच खेळाडू बसला पाहिजे. संघाचे कप्तान नारायणराव वकील आणि बाकीचे मोठे खेळाडू आपापले पट घरून आणत, म्हणून रंगराव मला पाचव्या जागी मांडत. त्रेसष्ट सालची गोष्ट सांगतो. माझ्यावर सगळ्या सोंगट्या मांडल्या. समोरच्या संघाचा मुलगा येऊन बसला. आमच्या बाजूची खुर्ची रिकामीच राहिली. ज्या गावात मुलांना पटाला हात लावू देत नाहीत, तिथे मुलगा आणायचा कुठून? अर्ध्या तासाने पंचांनी त्या मुलाला विजयी केले. माझ्यावरचे एक प्यादेही हलले नव्हते. त्या एका गुणाने आमचा जिल्हा हरला आणि मी जसाच्या तसा पुन्हा कपाटात गेलो.

पुढच्या वर्षी मुलींच्या शाळेत झुंबरबाई नावाच्या शिक्षिका आल्या. त्यांनी एका दुपारी नववीतल्या एका मुलीला वाचनालयात आणले. पंचफुला तिचे नाव. गाव सुलतानपूर, राहणे इथल्या वसतिगृहात. तिचे वडील जानराव फौजेतून परत आलेले. तिथे शिकलेले बुद्धिबळ त्यांनी लेकीला शिकवले होते. ओसरीवर कोळशाने घरे आखायची, चिंचोके आणि सरकीच्या बिया मांडायच्या, असा त्यांचा खेळ.

"हिले पाचव्या पटावर बसवा," झुंबरबाई म्हणाल्या.

नारायणरावांनी चष्म्यावरून पाहिले. "बाई, हा जिल्ह्याचा सामना आहे. पोरीले घेऊन आपली शोभा करायची का?"

"मागच्या साली रिकाम्या खुर्चीनं काय कमी शोभा केली, वकीलसाहेब?"

नारायणरावांनी वही ओढली. नाव लिहून घेतले, पण केवळ जागा भरायची म्हणून. पंचफुला माझ्या कपाटासमोर येऊन उभी राहिली. तिचा श्वास काचेवर उमटला.

"काका, सरावाले हा पट भेटन का? येथीच बसून खेळीन."

"सामन्याच्या दिवशी भेटन," रंगराव म्हणाले आणि त्यांचा हात नकळत कोटाच्या खिशाकडे गेला.

त्यानंतर महिनाभर रोज शाळा सुटल्यावर ती यायची, कपाटासमोरच्या फरशीवर खडूने घरे आखायची आणि चिंचोके मांडायची. झुंबरबाई समोर बसत. त्यांना खेळ फारसा येत नव्हता, त्या तिच्याकडूनच शिकत होत्या. मित्रांनो, मी काचेआड, ती काचेबाहेर. माझ्या पोटात शिसवीचा वजीर पडलेला आणि ती मात्र चिंचोक्याला वजीर म्हणत होती. मला ओरडता आले असते तर त्या महिन्यात मी ती काच फोडली असती.

सामन्याचा दिवस उजाडला. समोरच्या संघाचा मुलगा सतरा वर्षांचा, उंच, सफाईदार. पंचफुलाने माझ्यावरचे पहिले प्यादे उचलले. लाकडी सोंगटीचा जडपणा तिच्या हाताला नवा होता. दहाव्या चालीला तिचा उंट गेला. मग एक घोडा गेला. तिसरा तास संपता संपता तिच्या बाजूला उरले होते ते इतकेच: कोपऱ्यात कोंडलेला राजा, त्याच्यापुढे अडून बसलेले एक प्यादे आणि एक हत्ती. त्या मुलाचा वजीर राजाच्या वाटा रोखून उभा होता. राजाला शह नव्हता, पण पाऊल टाकायला एकही घर नव्हते. ती कोंडी मला ओळखीची होती.

बाकीचे चार डाव संपले होते. आमच्या जिल्ह्याचे अडीच गुण झाले होते, त्यांचे दीड. आता पाचव्या पटावर अर्धा गुण मिळाला तरी सामना आमचा. पण माझ्याकडे पाहून नारायणरावांनी सुस्कारा सोडला. "गेलं हे," ते पुटपुटले.

पंचफुलाने ते ऐकले. मग तिने हत्ती उचलला आणि थेट त्या मुलाच्या राजाला चिकटवून ठेवला.

"शह."

हत्तीच्या पाठीशी कोणी नव्हते. मुलगा हसला. "फुकट देला वं!" म्हणत त्याने राजाने हत्ती मारला. पंचफुलाने दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"आता मले चालच नाई," ती म्हणाली. "राजा हलत नाई, प्यादं हलत नाई. आन् शह पन नाई."

"मंग हारली!" मुलगा उठून उभा राहिला.

"हारली नाई. जिच झाली."

एकच गलका उडाला. त्या संघाचे लोक म्हणाले, राजा कोंडला म्हणजे हरला, आमच्याकडे असेच खेळतात. कोणी म्हणाले, डाव पुन्हा मांडा. नारायणरावांनाही नियम नीटसा आठवेना. पंचफुला त्या गोंधळात एकटी बसली होती. तिचा राजा कोपऱ्यात होता तसाच.

तेवढ्यात रंगराव उठले. कपाटाचे कुलूप काढून त्यांनी छापील नियमांचे पुस्तक आणले, बोट ठेवून पान शोधले आणि कोर्टात वाचावे तसे वाचले: "ज्याची पाळी आहे त्याच्या राजाला शह नसेल आणि त्याला नियमाप्रमाणे एकही चाल करता येत नसेल, तर डाव बरोबरीत सुटला असे समजावे." पुस्तक मिटून ते म्हणाले, "अर्धा गुन पोरीचा."

पंचांनी मान डोलावली. आमचा जिल्हा जिंकला होता. नारायणराव पंचफुलासमोर आले. त्यांनी विचारले, "हत्ती मुद्दाम देला का तू?"

"हाव. तो एकटाच हलत होता ना. त्याच्यामुळंच जिच अडकली होती."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर पंचफुला वसतिगृहातल्या चार मैत्रिणींना घेऊन आली. सवयीने खडू काढून ती फरशीवर बसली. रंगरावांनी कोटाच्या खिशातून किल्ली काढली. मग त्यांनी मला कपाटातून काढले, टेबलावर उघडले आणि स्वतःच समोरची खुर्ची ओढली.

"मांडा," ते म्हणाले. "पन मले एक सांग पंचफुला, तो हत्ती तू देलाच कसा?"

त्यानंतरची चार वर्षे माझी सुखाची. रोज संध्याकाळी माझ्याभोवती मुले असत. एक प्यादे हरवले, त्याच्या जागी बटण आले. घरांवर ओरखडे पडले. आमच्या जिल्ह्याची पाचवी खुर्ची पुन्हा कधी रिकामी राहिली नाही. उलट तिच्यावर कोणी बसायचे यावरून भांडणे होत.

मग रंगराव निवृत्त होऊन गावी गेले. नव्या चिटणीसांनी माझे हाल पाहून हळहळ व्यक्त केली. मला नवे पॉलिश केले, नवे प्यादे बसवले आणि काळजीपोटी पुन्हा कुलूप लावले. त्याला आता दोन वर्षे होतील. पंचफुला शिकायला नागपूरला गेली, झुंबरबाईंची बदली झाली, बाकीची मुलेही मोठी होऊन पांगली. माझ्यासाठी भांडणारे इथे कोणी उरले नाही.

मित्रांनो, माझ्यावर दया करू नका. मला पुसू नका, माझी तारीफही करू नका. तुमच्या गावच्या कपाटात माझ्यासारखा एखादा पट बंद असेल, तर कपाटापुढून मुकाट्याने जाऊ नका. किल्ली कोणाच्या खिशात आहे ते विचारा. एकदा नाही म्हणतील, दोनदा नाही म्हणतील. तुम्ही तिसऱ्यांदा जा, आणि जाताना एक मैत्रीण, एक मित्र सोबत न्या. घोड्याचा कान तुटला तर जोडता येतो. न खेळता गेलेली वर्षे जोडायला माझ्यापाशी सरस नाही.